बुडालेल्या ‘नूर’चा ठिपका

“माझो घोव बुडालो, तेका आठ म्हयने झाले,” खैरुन्निसा म्हणाली. “आणि आता रोज दुपारी तेची होडी पडद्यार दिसता.”

मालवणात खासगी तपास करणाऱ्या किशोरी गवंडेने चहाचा कप खाली ठेवला. शेजारी बसलेल्या बाबलीने, तिच्या निवृत्त एसटी ड्रायव्हर सोबत्याने, नकळत पाय वर घेतले.

तिचा नवरा रिझवान याची ‘नूर’ ही होडी मार्चमध्ये विजयदुर्गसमोर बुडाली होती. त्याचा देह मिळाला नव्हता.

“रोज तेच्यासाठी भात ठेवतंय. तो जितो आसा काय नाय, येवडाच माका सांग.”

दोन वाजता ते तिघे मच्छीमार संस्थेच्या नियंत्रण कक्षात होते. पडद्यावर समुद्रातल्या होड्यांचे ठिपके सरकत होते. अचानक त्यांत आणखी एक उमटला, नेमका जिथे ‘नूर’ बुडाली तिथे. तो हलत नव्हता.

“शुक्रवार सोडून रोज हेच,” कक्ष सांभाळणारा मंगेश पुटपुटला.

“भुताक खंयची सुटी?” बाबली म्हणाला.

किशोरीने ठिपक्याची माहिती उघडली. “कर्नेल, आवृत्ती सात. म्हणजे?”

“होडीची जागा कळवणाऱ्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा,” मंगेश म्हणाला. “ त्याला विचारल्याशिवाय यंत्रातलं पान हलत नाही. ही आवृत्ती आम्ही पावसाळ्यातल्या बंदीत घातली, होड्या वर ओढल्या होत्या तेव्हा.”

यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर ओमकार तिथेच होता. तो वैतागलेला दिसला.

“आमचा कर्नेल कुणी फोडू शकत नाही. त्यात हाफिजच्या ‘सितारा’ होडीचं यंत्र दुपारी बंद पडतं. दोनदा तपासलं, दोष सापडत नाही.”

“आणि रिझवान बुडाला तेव्हा?” किशोरीने विचारलं.

“त्याने संकटाचं बटण दाबलंच नाही. उलट सहा मिनिटांत यंत्र चार वेळा बंद-चालू केलं. चूक त्याची.”

खैरुन्निसाने मान खाली घातली.

हाफिज हा रिझवानचा थोरला भाऊ. संध्याकाळी त्याने किशोरीला ओट्यावर बसवलं. “यंत्रातला माका कळणा नाय. ता माझा चेडू बघता.”

त्याची मुलगी अर्शिया संगणक इंजिनियर होती. ती दारातच उभी राहिली. “काकांची चूक नव्हती. मी कंपनीला तीन पत्रं लिहिली. कोण फिरकलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी किशोरीने सगळ्यांना कक्षात बोलावलं. दोन वाजले. ठिपका उमटला.

“‘नूर’ मार्चमध्ये बुडाली,” ती म्हणाली. “आवृत्ती सात पावसाळ्यात आली. समुद्राच्या तळाशी जाऊन ती कुणी घातली? म्हणजे हे यंत्र दुसऱ्याच होडीवर आहे. शुक्रवारी नमाजासाठी दर्यावर न जाणाऱ्या होडीवर. आणि आता बघा, कुठला ठिपका गेला?”

मंगेशने पडद्यावर बोट फिरवलं. “‘सितारा’. आज नुसते खलाशी घेऊन गेलेत.”

हाफिज मुलीकडे वळला. अर्शिया पुढे आली.

“प्रोग्रॅम मी बसवला,” ती म्हणाली. “बटणाचा संदेश कर्नेलमधल्या ठरलेल्या जागेत मावत नाही. तो शेजारच्या जागेवर सांडतो. तिथेच होडीचा नंबर आणि तिची जागा असते. संदेश जुळवून लिहिला, तर यंत्र दुसऱ्याच होडीचं नाव आणि दुसरीच जागा सांगतं.”

“आणि जुळवून लिहिला नाही तर?” किशोरीने विचारलं.

“कर्नेल कोसळतो. यंत्र बंद पडून पुन्हा चालू होतं.”

“ओमकार, चार वेळा बंद-चालू, बरोबर? बुडणारा माणूस यंत्राशी खेळत बसत नाही. तो मदत मागतो. रिझवानने चार वेळा बटण दाबलं आणि चारही वेळा तुमचं यंत्र कोसळलं.”

ओमकारचा चेहरा उतरला. “नव्या आवृत्तीत ते सुधारलं असेल…”

“त्याच आवृत्तीवर मी हे करतेय,” अर्शिया म्हणाली. मग ती खैरुन्निसाच्या पायांशी बसली. “चाची, जित्या माणसाचा कोणी ऐकूक नाय. मेलेल्याची होडी दिसली तेव्हा सगळे धावले. पण तू भात ठेवतंस, ह्या माका म्हायत नव्हता.”

खैरुन्निसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तेणा हाक मारल्यान?”

“चार वेळा.”

“आता दर्यात किती होडये आसत?”

“तेवीस,” मंगेश म्हणाला. “सगळ्यांवर हेच यंत्र.”

ती उठली. मंगेशच्या हातातला वायरलेस तिने घेतला.

“मी रिझवानाची बायल बोलतंय. तो गेलो. तेणा बटाण दाबलेल्यान, पण कोणाक कळाक नाय. तुमचा बटाण पण तसलाच आसा. परत येवा.”

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग पडद्यावरचा एक ठिपका किनाऱ्याकडे वळला. त्यामागे दुसरा.

खैरुन्निसा उभ्यानेच मोजू लागली.