अर्ध्या पट्टीवरच्या मुंग्या

सील शाबूत होतं, सही शाबूत होती आणि आतलं कपाट रिकामं होतं.

ग्रंथालयाच्या तळघरातल्या जपणुकीच्या खोलीला रोज संध्याकाळी कागदाची पट्टी लागायची. अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर, मधोमध ग्रंथपालांची सही. किल्ली पहारेकऱ्याच्या खुंटीला असायची; ती कुणीही उचलावी. म्हणून सगळा भरवसा पट्टीवर आणि तिच्या मैद्याच्या खळीवर. सुट्टीनंतर ग्रंथपालांनी पट्टी फाडून दार उघडलं, तर कपाटात एकटाच ठेवलेला जुना नकाशा गायब.

इन्स्पेक्टर बाईंनी तळघराचं शटर खाली ओढायला लावलं. आत चौघं अडकली. ग्रंथपाल, पहारेकरी, पुस्तकं बांधणारा बाइंडर आणि डबा द्यायला आलेली पहारेकऱ्याची बायको, म्हणजे बाइंडरची धाकटी बहीण. खिडकी नाही, पंखा बंद, खळीचा आंबूस वास. दुपारपर्यंत सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. बाईंचाही आला होता, पण त्यांना तसं दाखवायची सोय नव्हती.

"सुट्टीच्या दिवशी कोण आलं होतं?"

"फक्त मेहुणे," पहारेकरी म्हणाला. "अर्जंट काम होतं त्यांचं."

"जाताना पिशवी तपासलीत?"

"मेहुणा असला म्हणून काय झालं? तपासली. रिकामा डबा होता."

"तुम्ही सगळा वेळ इथेच होतात?"

"वरच्या मजल्यांवर फेरी मारावी लागते, मॅडम."

"किल्ली याची, पहारा याचा," ग्रंथपाल वैतागून म्हणाले. "आणखी काय हवंय? न्या याला आणि आम्हाला मोकळं करा."

"दाजी तसे नाहीत," बाइंडर हळूच म्हणाला. "पण किल्ली त्यांच्याच खुंटीला होती, हेही खरंच."

बायकोने डबा घट्ट धरला. "एकदा चौकीत गेलेल्या माणसाला परत पहाऱ्यावर कोण ठेवणार?"

खोलीच्या बाहेर, तळघराच्या कोपऱ्यात बाइंडरचं कामाचं टेबल होतं; बाई तिथे गेल्या. भांड्यात गढूळ पाणी होतं.

"हे काय?"

"मोड आलेले जव वाटून केलंय. जुने पुठ्ठे सोडवायला."

"आणि ते दाबाखालचं पुस्तक?"

"वाळतंय. उद्या गिऱ्हाइकाकडे जायचंय. उघडू नका, वाकडं होईल."

बाई दाराकडे वळल्या. फाटलेल्या पट्टीचा अर्धा तुकडा दारावर होता, अर्धा चौकटीवर. दारावरच्या तुकड्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती. चौकटीकडे एकही मुंगी फिरकत नव्हती.

बाईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतलं आयोडिन मागवलं, पाण्यात पातळ केलं आणि दोन्ही तुकड्यांच्या कडांखाली थेंब सोडले. चौकटीवरचा थेंब गडद निळा झाला. दारावरचा तपकिरीच राहिला.

"एकाच खळीने चिकटलेली एकच पट्टी," बाई म्हणाल्या. "मग मुंग्यांना अर्धीच का आवडली? मैद्यात स्टार्च असतं. स्टार्च म्हणजे साखरेच्याच कणांची लांबलचक साखळी. साखळी अखंड असते तोवर आयोडिन निळं होतं. मोड आलेल्या जवात ती तोडणारा रस असतो. साखळी तुटली की उरते साखर. खळ सैल होते, कागद न फाटता सुटतो, आणि मुंग्यांना आमंत्रण जातं. परत दाबून बसवायला तो चिकट पाकच पुरतो."

"ते भांडं उघड्यावर असतं," बाइंडर म्हणाला. "कुणीही घेतलं असतं. दाजींनीही."

"घेतलं असतं. पण पिशवी तपासली जाणार याची धास्ती पहारेकऱ्याला नव्हती, तुम्हाला होती. म्हणून नकाशा पिशवीतून गेलाच नाही. तो उद्या गिऱ्हाइकाच्या पुस्तकातून जाणार होता."

बाईंनी दाब सैल केला आणि ओल्या पुठ्ठ्याच्या पदरात सुरी घातली. आतून घडी घातलेला नकाशा निघाला.

ग्रंथपालांनी पहारेकऱ्याकडे पाहायचं टाळलं.

"दादा," बहीण म्हणाली, "सकाळपासून तू माझ्या शेजारी बसलायस. माझ्याच डब्यातलं जेवलास. ह्यांना बेड्या घातल्या असत्या, तर बोलला असतास?"

"दाजी चार दिवसांत सुटले असते," तो पुटपुटला.

शिपायाने शटर वर केलं. बाहेरची हवा आत आली, पण पहारेकरी हलला नाही. बायको रडत होती आणि आपल्या सुटकेचा आनंद तिच्यासमोर कसा करायचा, हे त्याला कळत नव्हतं.