खुंटीवरचा दोर

ही गोष्ट खरी आहे. 'हॅना झिंक' जहाजावरच्या अठरा विद्यार्थ्यांना विचारा. कुणीही हसत नाही.

जूनचा दुसरा मंगळवार. कॅनडातल्या लुनेनबर्ग बंदराचा धक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी सफरीला निघायचं होतं.

अडेल कॉर्कम या शिडाच्या प्रशिक्षण-जहाजावर मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालची अधिकारी होती. वय चौतीस. तिचे वडील व्हर्लिन तिथेच दोर आणि शिडं सांभाळायचे. जहाजावरचा प्रत्येक दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळून आपापल्या खुंटीला टांगायचा, हा नियम. अडेल डावखुरी. घाई झाली की तिचं वेटोळं उलटं पडायचं.

त्या दिवशीही पडलं.

व्हर्लिननी खुंटीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. टक्... टक्. मग अख्खं वेटोळं सोडून डेकवर आपटलं. मुलांसमोर.

"दोर गुंडाळलायस की कॉड माशाची आतडी टांगलीयेस?"

मुलं फिदीफिदी हसली.

"जमत नसेल तर विचारावं, पोरी. विचारल्यानं जीभ झडते का?"

अडेलनं पाठ फिरवली. दोर तसाच टाकून खाली गेली. संध्याकाळी व्हर्लिन घरी निघाले, तेव्हाही वर आली नाही.

जेवण होऊन ते खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

सफर दहा दिवस उशिरा निघाली. अडेलही जहाजावर होती.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, धुकं उतरलं. मोठ्या शिडाचा दोर डेकवर पसरलेला होता...

तीच खुंटी.

"कुणी सोडला हा?"

"आम्ही नाही," विद्यार्थ्यांतला रेमी म्हणाला. "तूच तर आत्ता गुंडाळलास."

तिनं परत गुंडाळला. अर्ध्या तासात पुन्हा खाली.

"रेमी, कुणाचा पाय अडकून तो समुद्रात गेला म्हणजे कळेल तुला थट्टा!"

"अगं, माझे दोन्ही हात बटाट्यांत आहेत!"

खरंच होते. तो बादलीशी बसून बटाटे सोलत होता.

तिनं चिडून, दात-ओठ खात गुंडाळला. पाठ फिरवली...

टक्... टक्.

थप्प.

रेमीच्या हातातला बटाटा गडगडत गेला.

खुंटीच्या आसपास कुणीच नव्हतं.

"पुरे झालं!" अडेल किंचाळली. कुणावर, ते तिलाच ठाऊक.

मग खाली बसली. एकेक वेढा सावकाश, नियमानं घातला. खुंटीला लावला. मागून रबरी बुटांची पावलं आली... खुंटीपाशी थांबली...

टकटक झाली नाही.

पावलं पुढे निघून गेली.

दोर बरोबर असला की व्हर्लिन असेच पुढे जायचे. काही न बोलता. तेवढीच त्यांची शाबासकी.

त्यानंतर दोर एकदाही सुटला नाही. मुलं सुटकेचा निःश्वास टाकून पत्ते खेळू लागली. अडेल मात्र पहिल्यापेक्षा जास्त चिडचिडी झाली.

सफरीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा धुकं आलं. तिनं सगळ्यांना खाली पाठवलं. रेमी तेवढा जिन्यात रेंगाळला. पुढचं त्यानंच मला सांगितलं. तो त्या खुंटीला अजून हात लावत नाही.

अडेलनं दोर मुद्दाम डाव्या हातानं, उलटा गुंडाळला. पाठ फिरवून उभी राहिली.

काही नाही.

सोडला, परत उलटा गुंडाळला. परत पाठ फिरवली.

शिडांवरून पाणी ठिबकत होतं. बस्स.

तेव्हा ती मोकळ्या डेककडे वळली आणि चौतीस वर्षांत जे कधी बोलली नव्हती, ते मोठ्यानं बोलली.

"बाबा, मला जमत नाहीये. दाखवा ना."