वाळायला लागतो तेवढा वेळ

मी दार चुकले. सुरुवात एवढ्यावरूनच झाली.

पाटी न बघता, चाकांवरचं मशीन ढकलत मी आत घुसले आणि ओरडले, "दातांचे डॉक्टर कुठायत? पाणी कुठून गळतंय ते दाखवा, लवकर!"

"श्श…"

खिडकीपाशी एक माणूस उभा होता. एका व्हायोलिनला कान लावून, डोळे मिटून, त्याच्या पोटावर बोटाने टकटक करत. त्याने सावकाश डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग माझ्या कमरेएवढ्या पिवळ्या धुडाला.

"दात शेजारी," तो म्हणाला. "इथे फक्त यांची दुखणी बघतो."

भिंतीभर व्हायोलिनं टांगलेली होती. कुणाची मान मोडलेली, कुणाच्या तारा गेलेल्या. मी 'सॉरी' म्हणून वळणार, तेवढ्यात त्याच्या पाठीमागे लक्ष गेलं. खालच्या अंगाला रंग फुगला होता. राहवलं नाही. पुढे जाऊन भिंतीवर तळहात ठेवला… गार! खिशातलं ओल मोजायचं मीटर टेकवलं, तर ते किंचाळलंच.

"डॉक्टरांचा पाइप भिंतीच्या आत फुटलाय. पाणी तुमच्याकडेही आलंय."

"मला वाटलं, रंगानेच मान टाकली."

"रंगाने नाही हो. भिंत पिऊन बसलीये!"

तो हसला. हसतानाही त्याला घाई नव्हती. आधी डोळे, मग गाल, मग ओठ… आणि मी उगाचच मीटरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

आमचं काम असं, की जिथे पाणी घुसेल तिथे आम्ही. पाइप फुटो, पूर येवो, नाहीतर नव्या इमारतीचं प्लॅस्टर वाळत नसो. मशीन खोलीतली दमट हवा ओढतं, तिच्यातलं पाणी नळीने बाहेर सोडतं आणि कोरडी हवा परत फेकतं. एक भिंत वाळली की पुढची. साहेब मला भिंगरी म्हणायचे. आईचं म्हणणं, हिच्या पायाला चक्र आहे, हिला कुठे बसवलं तरी ही उठणारच. मला ते आवडायचं. ओळख होण्याआधी निघून जाण्यात एक सुख असतं.

डॉक्टरांकडे दोन आणि कारागिराकडे एक, अशी मशीनं लावली. खिडक्या घट्ट बंद केल्या आणि बजावलं, "उघडायच्या नाहीत. नाहीतर मशीन सगळ्या गावाची हवा वाळवत बसेल."

"जशी आज्ञा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची भिंत सुधारली होती. याची जागच्या जागी. तिसऱ्या दिवशीही तेच. मी मशीन उघडलं, जाळी धुतली, नळी तपासली. मशीन ठणठणीत! मग खिडकीकडे गेले. कडी नुसती टेकवलेली होती आणि फटीतून वारा येत होता.

"हे काय?"

त्याने हातातला रंधा बाजूला ठेवला.

"मी काय सांगितलं होतं? मी रोज इथे गंमत म्हणून येते का?"

"नसाल येत," तो हळूच म्हणाला. "मी मात्र रोज वाट बघतो."

माझे कान तापले. "विषय बदलू नका."

त्याने टेबलावरचं एक व्हायोलिन उचलून माझ्या हातात दिलं. पोटावर केसासारखी बारीक रेघ. "ही परवा नव्हती. लाकूडही वाळतंय. भिंतीला घाई चालते, याला नाही. एकदम कोरडं पडलं की तडकतं."

"मग तोंडाने सांगायचं ना!"

"सांगणारच होतो. पण तुम्ही वाऱ्यासारख्या येता, मीटर टेकवता आणि मी तोंड उघडेपर्यंत पायरी उतरलेल्या असता."

खरं होतं. माझं लक्ष भिंतीकडे होतं आणि समोर हे सगळं तडकत होतं. मी गाडीतून प्लॅस्टिकचं मोठं कापड आणलं आणि आम्ही दोघांनी मिळून खोलीच्या मधोमध छतापासून जमिनीपर्यंत पडदा लावला. भिंत आणि मशीन एकीकडे, वाद्यं दुसरीकडे. तो स्टुलावर चढून वरची पट्टी चिकटवत होता, मी खालून कापड ताणून धरलं होतं. पट्टी घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. सरसाचा वास येत होता त्यांना… आणि ती कुठेच जायच्या घाईत नव्हती.

मग मी येत राहिले. भिंत बघायचं निमित्त होतंच. पडद्यापलीकडे तो धूसर दिसायचा, नुसता एक वाकलेला खांदा. कधी फटीतून चहाचा कप आत यायचा. मशीनच्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागे.

"साखर पुरे का?"

"काय?"

"साखर!"

"मला म्हणालात?"

"चहाला!"

एकदा मी वळून पाहिलं, तर तो पडदा बाजूला सारून उभा. हातात रंधा, पण रंधा काही चालत नव्हता.

"असे बघत बसलात," मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "तर माझं काम कसं व्हायचं?"

आणि नेमकं त्या क्षणी मशीन आपोआप थांबलं. आतल्या गार नळ्यांवर साचलेला बर्फ वितळवायला ते असं मधूनमधून थांबतं. माझं वाक्य मात्र खोलीभर घुमलं. दारात त्याची आत्या डबा घेऊन उभी होती.

"बघू दे की," आत्या म्हणाली. "बघितल्याने भिंतीला ओल येते होय गं?"

मी मीटरमध्ये तोंड खुपसलं. तो व्हायोलिनच्या लाकडाइतका लाल झाला.

त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. नदीकाठच्या एका गावात पाणी शिरलं होतं. असतील तेवढी मशीनं हवी होती. उद्याच निघायचं.

भिंतीला मीटर टेकवलं. कोरडी. खडखडीत कोरडी! एरवी मला या क्षणी किती हलकं वाटतं. त्या दिवशी मात्र तेच मीटर चार ठिकाणी टेकवून पाहिलं. कुठेतरी थोडी ओल राहिली असेल तर…

"झालं," मी म्हणाले. "उद्या निघते. बरेच दिवस लागतील तिकडे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. काहीतरी ओठापर्यंत आलं होतं, मला दिसत होतं. आणि मग म्हणाला, "बरं."

नुसतं बरं! मी पडदा ओरबाडून काढला, गुंडाळला, मशीन गाडीत चढवलं आणि मागे न बघता निघाले. वाटभर चिडचिड. ड्रायव्हरकाकांनी रेडिओ लावला, मी बंद केला. त्यांनी खिडकी उघडली, मी लावून घेतली. शेवटी ते म्हणाले, "पोरी, भांडण माझ्याशी झालंय का?"

त्या गावात चिखल होता, भिजलेल्या गाद्या होत्या आणि दिवसभर मशीनांची घरघर. मी एका घरातून दुसऱ्या घरात पळत होते. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. पडद्यापलीकडे कुणी दिसेल म्हणून दर वेळी वळून बघायची सवय जडली होती.

मग शाळेत गेले. बाईंनी तळमजल्यावरची संगीताची खोली उघडली. मांडणीत मुलांची व्हायोलिनं होती, पाण्यात बुडून निघालेली. सांधे उकललेले, पाठी सुटलेल्या. "टाकून द्यावी लागणार बहुतेक," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला वळल्या. मशीनच्या बटणापर्यंत गेलेला माझा हात थांबला. मी बाहेर येऊन फोन लावला.

"कामाचं बोलायचंय," मी घाईघाईने म्हणाले. "शाळेतली व्हायोलिनं आहेत. भिजलीत. तुटली नाहीत, पण सगळं सुटं झालंय…"

पलीकडे रंध्याचा आवाज थांबला.

"मशीन लावू नकोस," तो म्हणाला. "सावलीत पसर. मी येतो."

लावू नकोस. पसर. त्याच्या लक्षात तरी आलं का, देव जाणे! मी फोन ठेवून कितीतरी वेळ चिखलात तशीच उभी होते.

सकाळच्या पहिल्या गाडीने तो उतरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, खांद्यावर हत्यारांची पिशवी. माझ्याकडे बघून मान हलवली आणि थेट खोलीत शिरला. मला त्याला हाक मारायची होती, भांडायचं होतं, आणि… पण तो एकेक व्हायोलिन हातात घेऊन कान लावत होता. बाईंना म्हणाला, "बहुतेक वाचतील. वेळ द्यावा लागेल." बाई हसल्या आणि मुलांना सांगायला धावत गेल्या.

दुपारी त्याने पहिलं जोडायला घेतलं. सरस लावला, पाठ बसवली आणि म्हणाला, "इकडे ये. दोन्ही हातांनी दाबून धर. हलायचं नाही."

मी धरलं. त्याने माझ्यासमोर उभं राहून दुसरी बाजू धरली.

"त्या दिवशी नुसतं बरं का म्हणालात?"

"तुला जायची घाई होती."

"घाई नव्हती. रडू येत होतं!"

त्याची मान झटकन वर झाली. "मला बोलायला वेळ लागतो," तो म्हणाला. "तुझी गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा कुठे वाक्य तयार झालं. रस्त्यात उभं राहून म्हटलंसुद्धा. आत्याने ऐकलं, भाजीवाल्याने ऐकलं."

"मी नाही ऐकलं."

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजू लागला. साहेब असणार. पुढचं गाव, पुढची भिंत.

"घे की," तो म्हणाला.

"हात कुठे मोकळेत? तुमचं वाक्य राहिलंय."

"तू थांबावंस असं वाटतं," तो म्हणाला. "जाशील तिथून परत यावंस. मला आवडतेस तू… फार."

फोन वाजून वाजून थांबला. खिडकीतून पोरं डोकावत होती. सरस अजून ओला होता. पळून जायला जागाच नव्हती आणि पहिल्यांदाच मला ती नकोही होती.

"मलाही," मी म्हणाले. "आणि आता जरा घट्ट धर. तुझी बाजू सरकतेय."