चौथं कुलूप

दिवा थोडा जवळ घ्या. गोष्ट भर दुपारची असली, तरी सांगताना मला उजेड लागतो.

डोंगरावरच्या मोबाइल टॉवरचा जनरेटर बंद पडला म्हणून मी निघालो होतो. टॉवर एकच, पण त्यावर यंत्रं तीन कंपन्यांची. तो झोपला की खालचं अख्खं गाव मुकं. त्याच गावात माझी धाकटी बहीण दिली होती, आणि तिचे दिवस भरले होते.

अर्धी चढण चढलो असेन, तोच भावजींचा फोन. "कळा सुरू झाल्यात. नर्स म्हणतेय मूल आडवं आहे... अँब्युलन्सला फोन..." आणि आवाज तुटला. टॉवरच्या बॅटऱ्याही संपल्या होत्या. मी धावतच सुटलो.

वर धुकं असं, की हातातली किल्ली दिसेना. आमच्या गेटला एकच साखळी असते. प्रत्येक कंपनीचं कुलूप दुसऱ्याच्या कुलपात अडकवायचं, म्हणजे कुणीही आपलं उघडलं की गेट उघडतं. ही पद्धत लवंगमास्तरांनी बसवली. चढताना घसा सुकतो म्हणून दाढेत सतत लवंग, म्हणून हे नाव. तेव्हा इथे चौथी कंपनीही होती; तिचा हा माणूस चारही कंपन्यांची यंत्रं पुसून, तपासून मगच खाली उतरायचा. एवढा मोठ्या मनाचा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. "कुलपात कुलूप अडकव रे," म्हणायचे, "कुणी बाहेर राहता कामा नये."

मास्तर गेले, त्यांची कंपनीही बुडाली. गेल्या महिन्यात त्यांचं कुलूप मीच कापून पिशवीत टाकलं होतं.

मी माझं कुलूप उघडलं. ते हातात आलं, गेट मात्र हललं नाही. त्या दिवशी घाईत मी बाकीची दोन कुलपं एकमेकांत अडकवली होती आणि माझं नुसतंच साखळीच्या कडीत लटकवलं होतं. कटर ऑफिसात राहिला होता. कुंपणावरून चढायला मी काटेरी तारेला हात घातला.

"हळू... हात कापून घेशील."

धुक्यातून लवंगेचा वास आला. अगदी जवळून.

"मास्तर...?"

साखळी खळखळली आणि गेट करकरत आत गेलं.

भ्यायला वेळ नव्हता. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती, ती काढली. जनरेटर धडधडला, तिन्ही कंपन्यांचे दिवे लागले. थोड्या वेळाने भावजींचा फोन आला. "अँब्युलन्स निघाली!" मी तिथेच खाली बसून रडलो. बहीण आणि भाची, दोघी आज ठणठणीत आहेत.

निघताना गेट लावायला गेलो. साखळीत चौथं कुलूप होतं, उघडं, अख्खं. मास्तरांनी पितळेवर खिळ्याने कोरलेला आकडाही तोच. मी पिशवीत हात घातला. मी कापलेलं त्यांचं कुलूप तळाशी होतं, दोन तुकड्यांत, थंडगार.

मी माझं कुलूप साखळीतल्या त्या कुलपात नीट अडकवलं. मास्तरांचं कुलूप हाताला कोमट लागलं, नुकतंच कुणाच्या तरी खिशातून निघाल्यासारखं.