डोहातली रांग

ही घडलेली गोष्ट आहे. माझे मेहुणे शशिकांतराव खोटं बोलायला गेले की त्यांना ठसका लागतो. हे सांगताना लागला नाही.

गेल्या जुलैतला शनिवार. न्यूझीलंडमधल्या तुरंगी गावाजवळची डोंगरातली नदी. दुपार कलती.

शशिकांतरावांचा जन्म साताऱ्याच्या वाचनालयात गेला. तिकडेच टाकानिनी भागात राहणाऱ्या मुलाकडे ते काही महिने राहायला गेले होते. मुलगा क्षितिज आठवडाभर कॉम्प्युटरपुढे पिचायचा आणि हिवाळ्यात सुट्टी मिळाली की ट्राउट पकडायला या नदीवर यायचा. पकडलेला मासा परत सोडून द्यायचा. सोडायचाच तर पकडायचा कशाला, असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

"रिलॅक्स वाटतं म्हणे," सून श्रिया म्हणाली होती. "येतो तर भयंकर दमून, वर ओला."

त्या दिवशी तेही सोबत गेले. काठावरच्या खडकावर शाल गुंडाळून बसले.

गाडीत क्षितिजने तिथला रिवाज सांगितला होता. डोहात एकामागे एक उभं राहायचं. गळ टाकायचा, प्रवाहाच्या दिशेने एक पाऊल खाली सरकायचं. मागून कोणी आलं तर अडून राहायचं नाही. आपण बाहेरचे, आपण तर मुळीच अडायचं नाही, असं तो म्हणाला. खालच्या अंगाला, एका पडलेल्या झाडापाशी पाणी माणूस बुडेल इतकं खोल होतं. पण तो त्याच्या बराच आधी बाहेर यायचा.

डोहात दुसरं कोणीच नव्हतं.

क्षितिज गुडघाभर पाण्यात. गळाला लावलेली पिसांची खोटी माशी हवेत वळत होती.

आणि मग... वरच्या बाजूला पाण्यात दगडावर दगड घासला.

शशिकांतरावांनी पाहिलं. नुसतं पाणी.

क्षितिजने मात्र मागे वळून पाहिलं. हसला. तिथल्या पद्धतीने नमस्काराचं "किया ओरा" म्हणाला.

आणि एक पाऊल खाली सरकला.

मोतीबिंदू काढलेले डोळे. उन्हाची तिरीप. असेल कोणीतरी, आपल्यालाच दिसत नसेल...

दगड पुन्हा घासला. या वेळी जवळ.

पाणी मांडीला लागलं. मग कमरेला.

क्षितिज आता गळही टाकत नव्हता. मागे बघायचा, ओशाळून मान डोलवायचा, सरकायचा. बाहेर यायची उतरती जागा मागे राहिली. पुढे काठ भिंतीसारखा उभा होता.

हाक मारावी का? आपलंच काही चुकत असेल. शशिकांतरावांना आयुष्यभर हेच वाटत आलं होतं.

पाणी छातीला लागलं.

"क्षितिज, परत फीर!"

"कसा फिरू, बाबा?" त्याचा आवाज थकलेला होता. "हा अगदी मागे आलाय. थांबतच नाहीये."

त्याच्या मागे कोणीही नव्हतं.

शशिकांतराव उठले. बुटांसकट त्या उतरत्या जागेतून पाण्यात शिरले. थंडीने श्वास अडकला. पडत, सावरत ते क्षितिजच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. त्या मोकळ्या जागेत.

दगड घासला...

आणि त्यांच्या पाठीवर येणारा पाण्याचा रेटा एकदम थांबला. दोन्ही बाजूंनी नदी धावत होती. फक्त त्यांच्यामागे पाणी अडलं होतं.

कोणीतरी अगदी चिकटून उभं राहावं, तसं.

त्यांनी मागे पाहिलं नाही. मुलाला दंडाला धरून काठाकाठाने त्या उतरत्या जागेकडे ढकललं. मग स्वतः बाहेर आले.

गाडीत हीटर लावूनही दोघं कुडकुडत होते. क्षितिज म्हणाला, "बाबा, असं मध्ये घुसायला नको होतं. मी त्याला सॉरी म्हटलं. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं."

"मग?"

"तुमच्याकडे बघत होता."

शशिकांतराव आता भारतात परतलेत. हे सगळं त्यांनी मला आमच्या घरी सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

सुरुवात केली तेव्हा ते दाराशी होते.

बोलता बोलता थांबायचे. कानोसा घ्यायचे. एक पाऊल पुढे सरकायचे.

गोष्ट संपली तेव्हा ते गॅलरीच्या कठड्याला टेकले होते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

मी हाताला धरून त्यांना आत आणलं. गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत.

ते त्या बंद दाराशी उभे असतात. काचेला कपाळ लावून. दमलेले.

त्यांच्या मागे जाऊन उभं राहावं का... मला अजून ठरवता येत नाही.