पायावर नुसतं पाणी

आमच्या धामणवेल गावात कोंबड्यांच्या चार शेड आहेत. त्यांतल्या तीन रिकाम्या झाल्या होत्या, आणि रोग आत शिरला कुठून हे कुणालाच कळत नव्हतं. खिडक्यांना चिमणीसुद्धा शिरणार नाही अशी बारीक जाळी आहे. आतली हवा गाळून घेतलेली असते. खाद्य बंद नळीतून येतं, पाणी शुद्ध करून सोडलं जातं. बाहेरचा माणूस आत पाऊल टाकत नाही. जातात त्या फक्त गावातल्या बाया, ज्या या कोंबड्या सांभाळतात. तरी पहिली शेड गेली, मग दुसरी, मग तिसरी.

मला कोंबड्यांचं वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी रडत नव्हते. मला माझी आई हवी होती.

आई पहिल्या शेडमध्ये काम करायची. तिथला रोग उघडकीला आला त्याच दिवशी तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना गावाबाहेरच्या थांबाघरात नेलं. याला विलगीकरण म्हणतात (लागण झाली असेल अशी शंका असलेल्या माणसांना काही दिवस वेगळं ठेवणं). दहा दिवसांत कुणाला ताप आला नाही, तर घरी जायचं. नवव्या दिवशी दुसरी शेड आजारी पडली आणि तिथल्या बाया त्याच घरात आल्या. सगळ्या एकत्र राहणार, म्हणून सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. त्यानंतर आठव्या दिवशी तिसरी शेड गेली. आईला जाऊन सतरा दिवस झाले होते आणि मोजणीत मात्र तो पहिला दिवस होता. मी अकरा वर्षांची आहे, मला बेरीज चांगली येते, पण असली बेरीज मला मान्य नव्हती.

बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असतात. ते चैत्रात येणार होते. म्हणून मी नलूआत्याकडे राहत होते. आत्या चौथ्या शेडमध्ये काम करते, म्हणजे ती शेड गेली की आत्याही आत, आईची मोजणी पुन्हा एकपासून, आणि मी एकटी. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रोज संध्याकाळी मी थांबाघराच्या मोठ्या काचेपाशी जाऊन बसायची. आई पलीकडे बसायची. आम्ही फोनवर बोलायचो.

"जेवलीस का गं उर्वी?"

"जेवले."

"काय केलेलं आत्यानं?"

"पिठलं. परत पिठलं."

आई हसायची. ती तीन हातांवर होती, तिच्या कपाळावरची बारीक खूणसुद्धा मला दिसत होती, पण तिचा वास येत नव्हता. आईला खोबरेल तेलाचा आणि मक्याच्या भरड्याचा असा एक वास येतो. घरी तिची साडी होती, पण आत्याने ती हौसेने धुऊन टाकली होती. त्या दिवशी मी आत्याशी बोलले नाही.

तिसरी शेड गेल्यावर पशुवैद्यक खात्याने हुंग्याला पाठवलं. त्याचं खरं नाव शोधयंत्र क्रमांक सात. हुंग्या हे आम्ही मुलांनी ठेवलं. करडाएवढा, सहा पायांचा यंत्रमानव. नाकाच्या जागी लांब नळी. जिथे जाईल तिथे ती नळी टेकवायचा आणि खाली बसून विचार करायचा.

"तू माझ्या आईला कधी सोडणार?" मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी कुणाला धरत नाही आणि सोडतही नाही," तो म्हणाला. "मी वाट शोधतो. वाट सापडली तर चौथी शेड वाचेल, आणि तुझ्या आईचे दहा दिवस कुणी मोडणार नाही."

मग मी दिवसभर त्याच्या मागेच राहिले. शाळेला तशीही सुट्टी होती.

"रोग कसला आहे ते तरी सांग," मी म्हणाले.

"विषाणूचा," हुंग्या म्हणाला. (विषाणू म्हणजे इतका बारीक रोगकारक, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो एकटा वाढू शकत नाही. दुसऱ्या जिवाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या नकला करून घेतो.) "तुमच्या तळ्यावर हिवाळ्यात चक्रवाक येतात. दूरच्या देशांतून उडत येणाऱ्या काही पाणपक्ष्यांच्या पोटात हा विषाणू असतो. त्यातल्या कित्येकांना त्याने फारसं काही होत नाही. त्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात आणि काठच्या चिखलात उतरतो."

"मग तो तळ्यातच का राहत नाही?"

"तळ्यावर पक्षी पांगलेले असतात. शेडमध्ये दहा हजार कोंबड्या अंगाला अंग लावून उभ्या असतात, आणि सगळ्या एकाच वाणाच्या. एका बाकावर सहा मुलं कोंबली आणि एकाला खोकला झाला तर काय होईल?"

"सगळे खोकतील."

"तेच. आणि प्रत्येक कोंबडीत विषाणूच्या अगणित नकला होतात. घाईने पाठ उतरवून काढताना तुझ्या चुका होतात ना, तशा त्याच्याही होतात. बहुतेक चुका त्यालाच नडतात. पण एखादी चूक अशी होऊ शकते, की त्याला माणसाच्या शरीरात सहज शिरता येईल. जितक्या जास्त नकला, तितकी ती शक्यता जास्त. म्हणून तुझी आई काचेपलीकडे आहे."

हे ऐकून माझा त्या काचेवरचा राग थोडा कमी झाला.

दुसऱ्या दिवशी हुंग्याने जमिनीवर काडीने एक चित्र काढलं. मध्ये तळं आणि भोवती तीन शेड. त्याने विषाणूंचं जनुकीय वाचन केलं होतं (विषाणूच्या आत लिहिलेली त्याची सगळी माहिती अक्षर-अक्षर वाचणं). "नकलेतल्या चुकांवरून कोण कुणापासून आला ते कळतं," तो म्हणाला. "दुसऱ्या शेडमधला विषाणू पहिल्या शेडमधून आला असता, तर पहिलीतल्या चुका त्याच्यातही असत्या. त्या नाहीत. तिन्ही शेडमधले विषाणू तळ्यातल्या विषाणूशी जुळतात, एकमेकांशी नाही. म्हणजे तो प्रत्येक वेळी तळ्यावरून नव्याने आला."

"पण तळ्यावरून शेडमध्ये बायांशिवाय कुणीच जात नाही."

"म्हणून मी सगळ्या बायांना विचारलं. चप्पल बाहेर काढता का? सगळ्या हो म्हणाल्या. मी चपला तपासल्या. एकाही चपलेवर तळ्याचा चिखल नाही. तळ्याच्या काठावरून वाट जाते, पोटरीभर गाळ आहे, आणि चपला मात्र जशा दुकानातून आणलेल्या." तो खाली बसला. "इथेच माझं गणित अडलंय."

मला त्याचं आश्चर्यच वाटलं. एवढा शहाणा, आणि एवढंही माहीत नाही.

"चिखल कसा असेल चपलांना?" मी म्हणाले. "काठावर चपला हातात असतात. नाहीतर रुतून पट्टे तुटतात."

हुंग्याची नळी हवेतच थांबली.

"आणि पाय?" त्याने विचारलं.

तेवढ्यात समोरून आत्याच येत होती. साडी वर खोचलेली, चपला हातात, पाय पोटऱ्यांपर्यंत काळे. चौथ्या शेडच्या फाटकापाशी आली, चपला नीट जोडून ठेवल्या, नळाखाली पायावर पाणी घेतलं आणि दारातल्या औषधी पाण्याच्या हौदावरून लांब ढांग टाकायला पाय उचलला.

"थांबा," हुंग्या म्हणाला.

आत्या एका पायावर थांबली.

"हौदात पाय का नाही घालत?"

"टाचंला भेगा हायती बाबा. झोंबतंय ते. आन् पायावर पाणी घेतलं की मी, बघितलं न्हाईस व्हय?"

"आत घालायचे बूट दिलेत ना तुम्हाला?"

"कपाटात हायती. कागद बी काढला न्हाई." आत्याचा आवाज चढला. "कोंबडी आमची लक्ष्मी हाय. तिच्या घरात पायताण घालून जायचं? आमच्यात असलं करत न्हाईत."

हुंग्याने तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात नळी टेकवली. पाणी घेऊनही तिथे गाळ शिल्लक होता, आणि गाळात विषाणू होता.

आत्या आपल्या पायांकडे बघू लागली. "म्हंजी मीच?"

"तुम्ही एकट्या नाही, सगळ्याच," हुंग्या म्हणाला. "आणि मी पण चुकलो. चपलांबद्दल विचारलं, पायांबद्दल नाही." मग त्याने मला समजावून सांगितलं. या विषाणूला चरबीचं पातळ वेष्टण असतं. नुसत्या पाण्याने तेलकट ताट निघत नाही, तसं नुसत्या पाण्याने ते वेष्टण फुटत नाही. साबण चरबीला फोडतो, आणि वेष्टण फुटलं की विषाणू निकामी होतो. पण साबण बेचक्यांत, नखांत, भेगांत पोचायला हवा, म्हणून चोळायचं, निदान वीस आकडे मोजेपर्यंत.

आत्याने पाय चोळले, दोनदा. हुंग्या चौथ्या शेडमध्ये कोंबड्या तपासायला गेला. तो बाहेर येईपर्यंत दोन तास गेले. ते दोन तास आत्या माझा हात धरून बसली होती, आणि मी तिला साडीबद्दल माफ करून टाकलं.

"अजून लागण नाही," हुंग्या म्हणाला. आत्या रडली. मीही. तिला दहा दिवस शेडमध्ये जायची बंदी झाली आणि रोज ताप मोजायचा ठरला. तिच्या जागी तात्पुरतं दुसरं शोधयंत्र आलं.

पण बाया बूट घालायला तयार होईनात. रोगाचं पटत होतं, लक्ष्मीच्या घरात पायताण नेणं पटत नव्हतं. शेवटी मी काचेपाशी जाऊन आईला सगळं सांगितलं. आईने थोडा विचार केला आणि आत असलेल्या बायांना जवळ बोलावलं.

"जे पायताण रस्त्यावर चालतं ते उंबऱ्याबाहेर," ती म्हणाली. "पण हे बूट कधी उंबऱ्याबाहेर पडणारच न्हाईत. मग ते बाहेरचं कसं? ते तिच्याच घरातलं. आन् चिखलाचा पाय तिच्या घरात नेला तो आपण. त्यात कसला मान?"

तिसऱ्या शेडवरच्या इंदूकाकू म्हणाल्या, "पटतंय." मी ते बाहेरच्या बायांना जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातल्या बुटांचे कागद निघाले.

पुढच्या दिवसांत गावाने बरंच काही ठरवलं. तळ्यापासून लांब दगडी वाट बांधायची. चक्रवाकांना हुसकवायचं नाही, ते त्यांच्या तळ्यावर आणि आपण आपल्या वाटेवर. नव्या कोंबड्या आणताना एका शेडमध्ये निम्म्याच ठेवायच्या, म्हणजे त्यांना पंख पसरायला जागा आणि विषाणूला पसरायला अडचण. हुंग्या म्हणाला, की पुढच्या हिवाळ्यात पक्षी निघाले की उत्तरेकडच्या तळ्यांवरचे त्याचे यंत्र-भाऊ आम्हाला आधीच कळवतील. हे सगळं छान होतं. मी मात्र दिवस मोजत होते. सात. आठ. नवव्या दिवशी मला जेवण गेलं नाही, कारण आधी एकदा नवव्याच दिवशी मोडलं होतं.

दहावा दिवस मोडला नाही.

थांबाघराचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आमच्यामध्ये काच नव्हती. मी धावले, तर तिने तळवा वर करून मला थांबवलं.

"थांब. बाहेर पडताना शेवटचं एकदा धुवायचं असतं."

दाराबाहेर नळ होता आणि साबण. आई हात चोळू लागली. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून मोठ्याने मोजत होते, भरभर. आई म्हणाली, "हळू मोज, लबाडी नको." मग मी हळू मोजलं. पंधरा. सोळा. सत्तावीस दिवस मी कसेबसे काढले होते, पण हे वीस आकडे मला काढवेनात. एकोणिसावर माझा आवाजच फुटेना. विसावा आकडा आईने म्हटला आणि ओल्या हातांनीच मला जवळ घेतलं.