डावा हात पाठीमागे

फुजैराच्या किनाऱ्यावर भर दुपारी धूळ अशी दाटली होती, की जेट्टीचं टोकही दिसेना. आखातात युद्ध सुरू झाल्यापासून जीपीएस धडधडीत खोटं बोलत होतं आणि निम्मे मेकॅनिक आपापल्या देशी पळाले होते. अस्मीने मात्र इथल्या तेल टर्मिनलवर रडार दुरुस्तीसाठी आपणहून नाव दिलं. घरात हे वेड जुनंच. पणजी कुंदाबाई दुसऱ्या महायुद्धात अशीच स्वतः होऊन हवाई दलात रडार दुरुस्त करायला गेली होती.

आज टर्मिनलचं रडार बंद पडलं होतं आणि अस्मीचे बाबा, अरुण, तेलाचं बार्ज घेऊन समुद्रात होते. बार्जवरचं रडार सकाळीच गेलेलं. नांगरलेल्या टँकरांच्या गर्दीतून त्यांना किनाऱ्यावरून कुणी वाट सांगितली नाही, तर धडक ठरलेली.

"मॅडम, यल्ला, जल्दी," शेजारी रेडिओवर बसलेला बदरुद्दीन म्हणाला.

अस्मीने रडारचं कपाट उघडलं. आत एक जोड सैल झाला होता. नवा बसवायला वेळ नव्हता. करंट चालू ठेवूनच तिने फायबरच्या दांडीने तो उजव्या हाताने दाबून धरला. डावा हात पाठीमागे. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो, हे पणजीनेच शिकवलेलं. पुढचंही तिनेच सांगितलेलं, दार लावून घेऊन.

"मागून कुणी हात धरला, तर वळू नकोस. मी एकदा वळले. त्या दिवशी एक विमान परत आलं नाही."

म्हातारीला चळ लागलाय, म्हणून घरचे हसायचे. अस्मीही हसायची.

पडदा उजळला. बाबांचा ठिपका दिसला, तीन मैलांवर.

"कंट्रोल, सांगा," बाबांचा आवाज आला.

"लेफ्ट लो अरुणभाई, धीरे," बदरुद्दीन सांगू लागला.

तेव्हा कुणीतरी तिचा डावा हात धरला.

थंड, ओला हात. दांडी थरथरली, पडदा विझू विझू झाला. तिने दात आवळले. देवा, बाबांना आण, बाकी काही नको.

दार वाजलं नव्हतं.

"पोचलो गं बाळा," कानामागून बाबा म्हणाले. "सोड ती दांडी. इकडे बघ."

डिझेलचा वास आला, त्यांच्या शर्टाला यायचा तोच. तिला रडू फुटलं. तरी ती वळली नाही.

बदरुद्दीन वळला. तिच्या खांद्यामागे पाहून तो ओळखीचं हसला.

"अरे अरुणभाई, आप कब आए?"

पडद्यावर ठिपका अजून अडीच मैल लांब होता. रेडिओतून बाबा विचारत होते, "कंट्रोल, आता कुठे वळू?"